रिकामी पुंगळी घरी भरण्याच्या फंदात पडू नका

केळझर (ता. सेलू) : शेतकरी बंधूंनो, आपल्या केळझरला जुनी माणसे एकचक्रानगरी म्हणतात. भीमाने बकासुराला इथेच मारले, असे बापजाद्यांपासून ऐकत आलो. त्या बकासुराला गाडाभर अन्न पुरत होते. आताचा बकासुर रात्री जंगलातून कळपाने उतरतो आणि एका रात्रीत अर्धा एकर भुईमूग उकरून ठेवतो. उरलेसुरले रोही तुडवते. बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. वाघाला सीमा कळते की नाही ते वनखाते जाणे, रानडुकराला मात्र ती कळत नाही, हे जागलीला जाणाऱ्या कोणत्याही कास्तकाराला विचारा.

हे लिहायला कारण झाले चहाच्या टपरीवरचे बोलणे. पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्या एका काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत बारा बोअरच्या रिकाम्या पुंगळ्या. म्हणाले, "भाऊ, काडतूस किती महाग झालं, अन् घ्यायला नागपूर गाठा लागते. पुंगळी तर साबूत हाय. लेथवाला म्हणते, जुन्या जॅकचं दाबयंत्र करून देतो. घरीच भरून घेऊ." बाजूचे दोघे-तिघे कान टवकारून ऐकत होते. काकांचे दुखणे खरे आहे. उपाय मात्र जिवावर बेतणारा आहे आणि तुरुंगाकडे नेणारासुद्धा. म्हणून हा विषय जरा फोड करून सांगतो.

काडतूस म्हणजे काय ते आधी पाहा. पितळी बुडाची पुंगळी, बुडाच्या मध्यभागी टोपी, टोपीपुढे दारू, दारूवर डाट आणि डाटीपुढे छर्रे. तोंड दुमडून बंद केलेले. चाप ओढला की टोपी ठिणगी देते, दारू पेटते, वायू होतो आणि तो छर्ऱ्यांना नळीतून ढकलतो. पुंगळी पुन्हा भरायची म्हणजे जळालेली टोपी काढून नवी बसवायची, दारू मापायची, डाट दाबायची, छर्रे टाकून तोंड पुन्हा दुमडायचे. दाबयंत्र हे सारे दांड्याच्या जोरावर करते. वाचायला सोपे वाटते, नाही का?

ही गोष्ट जगात कुठे होतच नाही असे नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मेव्हिल गावची एक कंपनी अशी घरगुती यंत्रे बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे नेमबाजीचे शौकीन तळघरात बसून कायद्याने पुंगळ्या भरतात. आपल्याकडेही शिकारीच्या काळात टेबलाच्या कडेला पकडीने बसणारे, हातात मूठ फिरवून पुंगळीचे तोंड वळवणारे छोटे यंत्र शौकीन लोक बाळगत. एखाद्या जुन्या मालगुजाराच्या वाड्यात अडगळीत ते आजही सापडेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली आणि ती विद्याही गेली.

पण तिथल्या माणसाला जे मिळते ते तुम्हाला मिळत नाही, खरी मेख इथे आहे. त्याच्या दारूच्या डब्यावर जात लिहिलेली असते. अमुक पुंगळीत, अमुक टोपीवर, अमुक डाट ठेवून किती दारू आणि किती छर्रे, याचा तक्ता दारू बनवणाराच प्रयोगशाळेत दाब मोजून छापतो. त्यातली एक वस्तू बदलली तर तो तक्ता बाद. नुसती टोपी दुसऱ्या बनावटीची बसवली, नुसते तोंड थोडे खोल दुमडले, तरी नळीतला दाब बदलतो. आपल्या लेथवाल्याजवळ यातले काय आहे? जॅक आहे. जॅकने दाब देता येतो, दाब मोजता येत नाही.

सर्वांत मोठा घात दारूच्या मापात होतो. जुनी काळी बारूद आणि काडतुसातली बिनधुराची दारू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काळी बारूद जुने लोक मापट्याने भरत. त्याच मापट्याने बिनधुराची दारू भरली तर नळीत कितीतरी पट जोर तयार होतो. बंदूक फुटते, आणि फुटते ती खजान्याजवळ, म्हणजे जिथे तुमचा डावा हात असतो आणि गाल टेकलेला असतो. कुणी फटाक्यातली दारू घालतो, कुणी दगडखाणीतल्या सुरुंगाची म्हणतो. यांना काय सांगावे!

काकांच्या लेथवाल्याने "सुधारणा" सांगितली होती की जॅकला लांब दांडा लावू, म्हणजे जोर कमी लागेल. बरोबर आहे, जोर कमी लागतो. पण टोपी आत बसताना हाताला जो अडथळा जाणवायला हवा, तोही जाणवत नाही. टोपीतला मसाला दाबाने आणि ठोक्याने पेटण्यासाठीच केलेला असतो. ती वाकडी बसली आणि वरून लांब दांड्याचा रेटा आला, तर ती हातातच उडते, आणि शेजारी दारूचा डबा उघडा असतो. दुसरे असे की पुंगळीसुद्धा म्हातारी होते. तोंडाला चिरा जातात, बूड फुगते. भरलेली पुंगळी बाहेरून नवी दिसते. आत एकदा दारू पडली की दोनदा, ते कळायला मार्ग नाही.

दारूगोळ्याची गंमत नसते, हे वर्धा जिल्ह्याला दुसऱ्याने सांगायला नको. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागली आणि ती विझवायला गेलेले जवान, अधिकारी प्राणाला मुकले. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, त्यात मजूरही गेले. तिथे तर शिकलेली माणसे होती, नियम होते. त्या भागातून येणारे पितळेचे, लोखंडाचे अनोळखी भंगार कुणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका, पोरांना हात लावू देऊ नका. अनोळखी नळी वा गोळा वावरात दिसला तर जागेवरच सोडा, खूण करा आणि पोलीस पाटलाला कळवा.

आता कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे ५ वे कलम म्हणते की परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. तुमच्याकडे बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, बनवण्याचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ व्या कलमाच्या भंगाला कमीत कमी ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. दारू साठवणे हा स्फोटकांच्या कायद्याखालचा वेगळा मामला. "मी माझ्याच बंदुकीसाठी भरतो" हे म्हणणे ठाणेदारापुढे टिकेल, या भरवशावर राहू नका. शंका असेल तर परवान्याचे पुस्तक घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा आणि उत्तर लेखी मागा.

याच कायद्याच्या १३ व्या कलमात एक गोष्ट आपल्या कामाची आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि ठासणीची बंदूक पुरी पडत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. म्हणजे अर्ज करताना "जनावरांचा त्रास आहे" एवढेच लिहून भागत नाही. कोणते वावर, किती एकर, कोणत्या महिन्यात कोणते जनावर, मागील नुकसानीचे पंचनामे, हे सारे जोडा. ग्रामपंचायतीने ठराव देताना हाच तपशील घातला तर त्या कागदाला वजन येते. परवान्याची मुदत २०१९ पासून ३ ऐवजी ५ वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर नव्हे, भिंतीवर लिहून ठेवा.

आणि मंडळी, बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. ही गल्लत फार होते. रानडुक्कर आणि रोही वन्यजीव कायद्याखाली आहेत. उभ्या पिकाला धोका झाला तर मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे, पण ती अर्ज करून वनखात्याकडून लेखी घ्यावी लागते. आपल्याकडे त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जायचे. मारलेल्या जनावराचे मांस वाटून खाल्ले की दुसरा गुन्हा तयार.

आता काकांनी काय करावे? आधी आपली बंदूक ओळखावी. जुन्या बारा बोअरचा खजाना कित्येकदा ६५ मिलिमीटरचा असतो आणि बाजारात काडतूस ७० चे मिळते. ७० चे काडतूस ६५ च्या खजान्यात बिनबोभाट जाऊन बसते, इथेच फसगत होते. कारण तो आकडा उडाल्यानंतर उघडलेल्या पुंगळीच्या लांबीचा असतो. उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाखाली आकडा कोरलेला असतो. वाचता येत नसेल तर परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती फार जुन्या घडणीची, काळ्या बारुदीच्या काळातली असू शकते. तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय तिच्यात आजचे काडतूस घालू नये.

एकाच घरात बारा आणि वीस बोअर असेल तर काडतुसे एका पिशवीत कधीही ठेवू नका. वीसचे काडतूस बाराच्या नळीत पुढे घसरून अडकते. रात्रीच्या घाईत माणसाला वाटते नळी रिकामी आहे, मागून बाराचे घालतो आणि चाप ओढतो. पुढे काय होते ते लिहीत नाही.

काडतूस परवानाधारक दुकानातूनच, पावतीसह घ्या. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनणारे 'शक्तिमान' आपल्या लोकांच्या ओळखीचे आहे. गावातल्या दोघा-तिघा परवानाधारकांनी मिळून एका गाडीने नागपूर गाठले तर खेप वाटून जाते. मात्र ज्याने त्याने आपल्याच परवान्यावर घ्यावे. एकाचे दुसऱ्याला उसने देणे हा मीठ-मिरचीचा व्यवहार नव्हे.

पावसाळ्यात ओल धरते. काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि पोरांच्या हातापासून दूर, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. ओलावले म्हणून उन्हात, तव्यावर किंवा चुलीच्या कडेला वाळवू नका. फुगलेले, हिरवट झालेले काडतूस वापरू नका. चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान मिनिटभर थांबा, मगच उघडा. कधीकधी दारू उशिरा पेटते. नापास काडतूस उघडून पाहू नका, विहिरीत किंवा शेकोटीत टाकू नका. दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्याला विचारून जमा करा. आणि पुंगळ्यांचा हिशेब वहीत लिहा. किती घेतली, किती उडवली, कोणत्या तारखेला. नूतनीकरणाच्या वेळी हीच वही कामी पडते.

ठासणीची बंदूक असणाऱ्यांनी एक जुनी युक्ती पाळावी. नळी रिकामी असताना गज आत टाका आणि तोंडाशी येईल तिथे खूण करा. भरलेली असताना दुसरी खूण करा. रात्री भरायच्या आधी गज टाकून पाहिला की भरलेल्यावर पुन्हा भरण्याची चूक होत नाही. जागलीला दोघे असले की ही चूक हमखास होते. एकाने भरली, दुसऱ्याला ठाऊक नाही.

खर्चाचे म्हणाल, तर पैसा काडतुसात नव्हे, कुंपणात लावावा असे माझे मत आहे. सौर कुंपणाला झटका यंत्र असते, तो झटका हाकलतो, मारत नाही. सरकारच्या जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळण्याची सोय आहे. तारेत थेट लाइनची वीज सोडणे मात्र सरळ खून करण्यासारखे आहे. ब्रह्मपुरीकडून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात अशा तारेला चिकटून मेली. वाघिणीच्या जागी पाणी द्यायला निघालेला शेजारीही असू शकला असता.

नुकसान झालेच तर ३ दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाला, वनपालाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. पुष्कळ दावे याच एका तारखेवर बुडतात. पंचनामा होईपर्यंत वावर नांगरू नका, खुरांच्या खुणा आणि उकरलेले दाणे तसेच राहू द्या, सातबारा हाताशी ठेवा. तलाठी म्हणा की आता ग्राम महसूल अधिकारी म्हणा, कृषी खात्याचा माणूस म्हणा, त्यांना त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. गावच्या अधिकाऱ्यांनाही विनंती, की पंचनाम्याची तारीख शेतकऱ्याला आधी कळवा. तो बिचारा बाजाराला गेलेला असतो आणि कागदावर "गैरहजर" लागते.

निवडणुकीच्या दिवसांत बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो, नेमका कधीकधी तूर-हरभऱ्याच्या राखणीच्या वेळी. जमा करताना नंबरासह पावती घ्या, काडतुसांची संख्या त्यावर लिहून घ्या. पिकाची निकड असेल तर सूट मिळावी म्हणून जिल्ह्याच्या छाननी समितीकडे आधीच अर्ज टाकता येतो. टपरीवरच्या काकांनी पुरचुंडी घरी नेली आहे. पुंगळ्या नेऊन दुकानात दाखवतो आणि खजान्याची लांबीही मोजून आणतो, असे म्हणाले आहेत.