मैफलींच्या फिती कोणाच्या?

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाला १८९५ च्या सुमारास उस्ताद अल्लादियाखाँ कोल्हापुरात आले आणि १९२२ मध्ये महाराजांचे निधन होईपर्यंत त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने याच नगरीत राहिले. जयपूर-अत्रौली गायकीचे रोप महाराष्ट्राच्या मातीत रुजले ते येथे. १९४६ मध्ये खाँसाहेब मुंबईत निवर्तले, तेव्हा हिंदुस्थानात गाण्याची पहिली तबकडी मुद्रित होऊन चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. तरीही खाँसाहेबांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. तरुण वयात आवाज बिघडल्यावर ज्या पुरुषाने त्या बिघडलेल्या आवाजातूनच एक नवी, पेचदार आणि अखंड दमाची गायकी घडविली, त्याचा आवाज प्रत्यक्षात कसा होता, याचा केवळ शिष्यांच्या गाण्यावरून तर्क करावा लागतो. त्यांच्याकडूनही विद्या घेतलेले भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या गाण्याचाही अवशेष नाही.

याच घराण्याच्या पुढील पिढीची गोष्ट निराळी आहे. खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ आणि त्यांच्या मागून भुर्जीखाँ यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर १९९२ मध्ये निवर्तले. परंतु त्यांचे गाणे आजही तासन् तास ऐकता येते. त्यात कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, आकाशवाणीचा संग्रह आहे आणि या दोहोंच्या बरोबरीने सामान्य श्रोत्यांनी मैफलीत बसून टिपलेल्या फिती आहेत. या फितींचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. त्या कोणाच्या मालकीच्या, त्या कोणी कोणाला द्याव्यात आणि त्यांचे पुढे काय व्हावे, या प्रश्नांची चर्चाही रसिकांच्या बैठकीपलीकडे फारशी गेलेली नाही. आता मात्र ती लांबणीवर टाकण्यात धोका आहे.

तबकडी आणि मैफल

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची. विलंबित ख्यालाची पहिली दोन-तीन आवर्तने भरतात न भरतात तोच ती संपावयाची. म्हणून गायकाने स्थायी, अंतरा, चार ताना आणि समारोप असा आटोपशीर ऐवज त्यात बसवावा, हा शिरस्ता पडला. पुढे दीर्घ ध्वनिमुद्रिका आली आणि वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. तरी बंद खोलीत, श्रोत्यांविना, घड्याळाकडे पाहत गायिलेले गाणे आणि जाणकारांनी भरलेल्या दिवाणखान्यात उत्तररात्री रंगलेले गाणे यांत अंतर राहणारच. मैफलीत गायक चुकतो, सावरतो, एखादी जागा हाती लागली की तिच्याभोवती घोटाळतो. श्रोत्यांची दाद त्याला पुढे ढकलते. ‘अनवट’ राग तर बहुधा मैफलीतच बाहेर येत. बाजारात खपतील अशा रागांच्या यादीत त्यांना स्थान नसे.

स्पूलचे ध्वनिमुद्रक १९५० नंतर काही सुखवस्तू घरांतून दिसू लागले आणि हे अंतर मिटविण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. सात इंची, बाराशे फुटी रीळ सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने चालविले, तर एका बाजूवर तासाहून थोडे अधिक गाणे मावत असे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये छोटी कॅसेट आणली; पुढील दोन दशकांत ती मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली आणि ध्वनिमुद्रण ही धनिकांची मिरास राहिली नाही. शिक्षक, बँकेतील कारकून, पोस्टातील नोकरदार मांडीवर यंत्र घेऊन मैफलीत बसू लागले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांनी उलटावी लागे. नेमक्या त्याच क्षणी द्रुत चीज सुरू झाल्यामुळे हळहळलेले लोक गावोगावी भेटतील.

या मंडळींचा एक अलिखित दंडक होता. फितीच्या बदल्यात फीत द्यावयाची; पैसा घ्यावयाचा नाही. फार तर कोऱ्या कॅसेटची किंमत. ज्या गावात रेडिओखेरीज गाणे पोहोचत नव्हते, तेथे एखाद्या विद्यार्थ्याला हिशेबाच्या वहीत टिपलेल्या यादीतून ‘खोकर’ किंवा ‘रायसा कानडा’ प्रथम ऐकावयास मिळाला तो या देवघेवीमुळे. १८८३ पासून कोल्हापुरात गाण्याची परंपरा सांभाळणाऱ्या देवल क्लबासारख्या संस्थांनी श्रोता घडविला, असे म्हटले जाते आणि ते खरे आहे. परंतु त्या श्रोत्याचे शिक्षण घरी पुढे चालू ठेवले ते या फितींनी.

गौरव करताना दोष झाकण्याचे कारण नाही. पूर्वीचे उस्ताद ठेवणीतील चीज परक्याच्या कानी पडू देत नसत, म्हणून त्यांना नावे ठेवणारे कित्येक संग्राहक आपल्या कपाटातील ‘अलभ्य’ फितीबाबत त्याच वळणावर गेले. फीत दाखवावयाची, थोडी ऐकवावयाची, पण प्रत द्यावयाची नाही. दिलीच तर मधला भाग कापून द्यावयाची. विद्येची गुप्तता मोडावयास निघालेल्या यंत्राने नवी गुप्तता जन्मास घातली.

कलावंताची बाजू

या सर्वांत ज्याचे गाणे, त्याला विचारले होते काय? केसरबाई केरकर आकाशवाणीपासून दूर राहिल्या, हे सर्वश्रुत आहे. आपले गाणे कोणी, कोठे, कोणत्या मनःस्थितीत ऐकावे, हे ठरविण्याचा आपला अधिकार त्यांनी सोडला नाही. हा केवळ मानी स्वभावाचा भाग नव्हता. ज्या विद्येसाठी आयुष्याची पंचवीस वर्षे तालीम घेतली, ती चोरून उचलली जावी, ही कल्पना कोणत्याही कष्टकऱ्याला सहन होण्यासारखी नाही. शिवाय घसा बसलेल्या दिवसाचे गाणे कायमचे आपल्या नावावर राहावे, असे कोणत्या गायकाला वाटेल? नियतीचा खेळ असा, की १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून मानवजातीचा आवाज म्हणून जे संगीत अंतराळात गेले, त्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्या गेल्या. त्यांच्या तासभर चालणाऱ्या ख्यालाची ओळख मात्र नव्या पिढीला मागे राहिलेल्या थोड्याशा खासगी ध्वनिमुद्रणांतूनच करून घ्यावी लागते.

कायद्यानेही या प्रश्नाला उशिराच हात घातला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात गायक-वादकाला ‘कलावंत’ म्हणून स्वतंत्र हक्क नव्हता; तो १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. आता त्याच्या संमतीवाचून प्रयोगाचे ध्वनिमुद्रण करून त्याचा प्रसार करता येत नाही. मात्र त्याच कायद्याने स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणास सूट दिली आहे. विवेकही याहून वेगळे सांगत नाही. ऐकणे आणि शिकणे एक, विकणे आणि उधळणे दुसरे.

इतर देशांनी हाच पेच निरनिराळ्या रीतीने सोडविला आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मेणाच्या नळकांड्यांवर चालू प्रयोगांचे तुकडे टिपले. त्यांत खरखरच अधिक आहे. पण त्या काळातील प्रत्यक्ष रंगमंचावरचे गाणे कसे होते, याचा तो दुर्मीळ पुरावा मानला जातो. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने तर १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली. फितींची देवघेव करावी, विक्री करू नये, एवढीच अपेक्षा. श्रोत्यावर विश्वास टाकल्याने त्या वाद्यवृंदाचे नुकसान झाले नाही. त्याचा श्रोतृवर्ग वाढला.

कपाटातील नाश

आज तातडी आहे ती फिती वाचविण्याची. चुंबकीय फितीवरील लेप दमट हवेत चिकट होतो, सुटतो. तिच्यावर बुरशी चढते. पंचगंगेच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहराच्या सखल भागांत काय केले, ते कोल्हापूरकरांना सांगावयास नको. १९१५ चे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये एका रात्रीत आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दगडी भिंतींची ही गत, तर माळ्यावरील पुठ्ठ्याच्या खोक्याची कथा काय? त्यातच स्पूल वाजविणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही दुर्मीळ झाले आहेत. संग्राहक गेला की वारसांना त्या ढिगाचा अर्थ लागत नाही आणि खोकी रद्दीत जातात.

उलटपक्षी, ज्या फिती संगणकावर चढल्या त्यांचा निराळाच घोटाळा झाला आहे. गायकाचे नाव आहे, पण गाव नाही, साल नाही, तबल्याच्या साथीदाराचा उल्लेख नाही; कित्येकदा रागाचे नावही चूक. कोणाच्या तरी चाळीस वर्षांच्या जपणुकीवर तिसराच आपले नाव चिकटवितो आणि जाहिरातीचे पैसे चौथा घेतो. सभागृहात तर आता प्रत्येक हातात ध्वनिमुद्रक आहे. शेकडो भ्रमणध्वनी उंचावले जातात, पुढच्याला मंच दिसत नाही, आणि त्या शेकडो तुकड्यांतून एक संपूर्ण राग हाती लागत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. ज्यांच्या घरी फिती आहेत त्यांनी निवडानिवड करीत न बसता आधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, आणि आठवते तोवर स्थळ, वर्ष, राग, साथीदार ही माहिती लिहून ठेवावी. ही माहिती फितीइतकीच मोलाची आहे आणि ती फितीहून लवकर नष्ट होते. संगीतसंस्था आणि विद्यापीठ यांनी मिळून श्रवणदालन चालवावे. तेथे विद्यार्थ्याला विनामूल्य ऐकता यावे; मात्र प्रत बाहेर देण्यापूर्वी कलावंताची वा त्याच्या वारसांची संमती घ्यावी, आणि उत्पन्न झालेच तर ते त्यांना मिळावे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने खासगी संग्रहांतील संगीताचे अंकीकरण करून या कामाची वाट दाखविली आहे. ज्या नगरीतून ते संगीत वाढले तिने मागे राहू नये. आणि आयोजकांनी गायकाच्या अनुमतीने प्रत्येक मैफलीचे एकच चांगले ध्वनिमुद्रण करावे, म्हणजे श्रोत्यांचे हात दाद देण्यास मोकळे राहतील.

अल्लादियाखाँचा आवाज राहिला नाही, याबद्दल त्या काळच्या कोल्हापूरकरांना दोष देता येणार नाही; त्यांच्या हाती साधन नव्हते. त्यांच्या परंपरेचे उरलेले आवाज आज घराघरांतील कपाटांत पडून आहेत, आणि साधन सर्वांच्या खिशात आहे. ते आवाज हरवले, तर पुढील पिढीला ही सबब सांगता येणार नाही.