स्वतंत्र धंदा आणि अवघड गिऱ्हाईक

केशवसुतांच्या जन्मगावी उभे राहून उधारीच्या आणि वसुलीच्या गोष्टी बोलाव्यात, हे काही श्रोत्यांना रुचणार नाही. परंतु मालगुंडात कवितेवर प्रेम करणारी माणसे जशी आहेत, तशीच सुतार, गवंडी, शिंपी, वीजजोडणी करणारे, छायाचित्रे काढणारे अशी स्वतःच्या हुन्नरावर जगणारी माणसेही आहेत. अलीकडे त्यांत घरी बसून संगणकावर मुंबई-पुण्याच्या दुकानदारांची जाहिरातपत्रे आखणाऱ्या मुलामुलींची भर पडली आहे. त्यांना ‘फ्रीलान्सर’ असे नवे नाव आहे. या सर्वांना धनी नाही, महिन्याचा पगार नाही. आणि तक्रार सर्वांची एकच : गिऱ्हाईक फार अवघड भेटले हो!

हे अवघडपण येते कुठून, हा आमच्या पुढचा प्रश्न आहे. आमचे उत्तर असे की, गिऱ्हाईक जन्मतः अवघड क्वचितच असते. बहुधा न बोललेला करार त्याला अवघड करतो.

जरा मागे वळून पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशावरच्या बलुतेदारीचे जे चित्र आहे ते अवश्य पाहावे. सुताराने औत-कुळवाची दुरुस्ती करायची आणि शेतकऱ्याने सुगीच्या वेळी खळ्यावर त्याला धान्याचा वाटा द्यायचा. दरवेळी घासाघीस नाही, पावती नाही. काम काय आणि मोबदला किती, हे गावाच्या स्मरणात पक्के असे. भांडणे होत नव्हती असे नाही. पेंढी लहान बांधली म्हणून बलुतेदार कुरकुरे आणि काम उशिरा झाले म्हणून कुणबी चिडे. त्या व्यवस्थेतील जातीचा जाच तर कोणी विसरू नये. ती परत यावी असे म्हणणारे आम्ही नव्हे. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळी करार सांभाळण्याचे काम सारा गाव करीत असे. आज कारागीर मोकळा झाला, त्याचबरोबर एकटाही झाला. करार सांभाळायला आता गाव नाही, आणि आपण मात्र गाव आहे अशाच समजुतीने वागतो. ‘तुमचे-आमचे काय ठरवायचे? बघू मागाहून!’ हे वाक्य त्या जुन्या समजुतीचे अवशेष आहे.

आता आपल्याच भागातील नेहमीचा प्रसंग घ्या. घरमालक मुंबईस, घर मालगुंडात. मार्च महिन्यात मालक दूरध्वनीवरून सांगतात, ‘पडवीची कौले परता, आणि वासे कुजले असतील तेवढे बदला.’ सुतार कौले उतरवतो आणि पाहतो तो वाशांबरोबर आढ्यालाही वाळवी लागलेली. छप्पर उघडे टाकता येत नाही. आंब्याच्या दिवसांत मजूर मिळणे कठीण, आणि जूनचा पाऊस कोणाची वाट पाहत नाही. तो बिचारा आढेही बदलून टाकतो. मे महिन्यात मालक सहकुटुंब येतात, हिशेब पाहतात आणि विचारतात, ‘एवढे करायला सांगितले कोणी?’

येथे लबाड कोण? आम्हांस तरी कोणीच दिसत नाही. मालकाने खरेच आढ्याचे नाव काढले नव्हते. सुताराने खरेच घर वाचवले. सारा घोटाळा ‘असतील तेवढे’ या दोन शब्दांत आहे. काम हाती घेण्यापूर्वी दिसणाऱ्या कामाची रक्कम ठरवावी. न दिसणाऱ्या कामाचा दर ठरवावा, म्हणजे वाशामागे इतके. आणि एक मर्यादा घालावी की, खर्च याच्या पुढे जाणार असेल तर काम थांबवून विचारीन. आज विचारणे किती सोपे झाले आहे! वाळवी लागलेल्या आढ्याचे छायाचित्र क्षणात मुंबईस जाते, आणि ‘बदला’ असा एका शब्दाचा संदेश परत येतो. तो संदेश पुसू नये. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीही दस्तऐवजांत मोडतात.

कायद्याचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी थोडे सांगतो. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे, पण त्याच्या १७० व्या कलमाखालचे दाखले बाजारपेठेतलेच वाटावेत. जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला हिरा दिला आणि त्याने पैलू पाडले, तर मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवून घेण्याचा त्याला अधिकार आहे. दुसरा दाखला शिंप्याचा. कोट शिवून होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन, असे जर शिंप्याने कबूल केले असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. भिडेपोटी ‘पैशांचे काय, द्या सावकाश’ म्हणून जाणाऱ्यांनी हा दुसरा दाखला पाठ करावा. आपल्या तोंडाने दिलेली सवलत आपल्याच हातातले हत्यार काढून घेते.

गवंड्याला अर्थातच घर अडवून ठेवता येत नाही. म्हणून त्याने पैसा कामाबरोबर घेत जावे : विसार आधी, जोते झाल्यावर काही, भिंती वासापर्यंत आल्यावर काही, शेवटी उरेल ती रक्कम लहान असावी. कामाच्या पैशांबद्दल दावा लावण्याची मुदत, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर, काम झाल्यापासून तीन वर्षांची आहे, हे १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ठरवले आहे. ‘गणपतीत आलो की देतो’ असे म्हणता म्हणता तीन गणपती सहज जातात! जाहिरातपत्रे आखणाऱ्या तरुणांना २००६ चा सूक्ष्म व लघु उद्योगांचा कायदा उपयोगी पडेल. आपल्या व्यवसायाची रीतसर नोंदणी केलेली असेल तर, करारात काहीही लिहिले तरी, घेणाऱ्याला ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. दावा करण्याची पाळी येत नाही. पुष्कळदा बिलाच्या तळाशी या कायद्याचा एका ओळीत उल्लेख केला तरी स्मरणशक्ती सुधारते.

‘अजून जरासा रंग बदला’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा वेगळा विचार हवा. त्याला आपल्याला काय हवे हे ठाऊक नसते, आणि हा काही गुन्हा नव्हे. आपण लग्नाच्या साड्या कशा घेतो ते आठवा. त्याच्याशी वाद न घालता दोनदा बदल ठरलेल्या रकमेत, तिसऱ्यापासून इतके जादा, असे आरंभीच सांगावे. आश्चर्य असे की, बदलाला किंमत लागली म्हणजे पहिलाच रंग बरा दिसू लागतो.

सर्वांत कठीण गिऱ्हाईक मात्र नात्यातले. मामांच्या घराची वीजजोडणी केली, तर मजुरी मागायची कशी? आमचे मत असे की, मामांना सूट द्यायची असेल तर ती बिलात लिहून द्यावी. पूर्ण रक्कम वर, तिच्याखाली ‘घरोबा म्हणून वजा’, आणि मग बाकी. म्हणजे आपण काय दिले हे मामांना कळते, आणि शेजारच्या काकांना मामांचा दर मागता येत नाही.

इतके करूनही एखाद्याशी पटत नाही. अपशब्द बोलणारा, मजुरांच्या देखत अपमान करणारा माणूस कागदाने सुधारत नाही. त्याचे काम सोडावे. पण अर्धे छप्पर उघडे टाकून सोडू नये. पावसापासून आडोसा होईल इतके बांधून द्यावे, झालेल्या कामाचे मोजमाप दोघांच्या समक्ष घ्यावे, उरलेले लाकूड व खिळे मोजून परत करावेत, आणि हिशेबाच्या कागदावर त्याची सही घेऊन मगच हत्यारे उचलावीत.