केमिकल पील : उन्हाने काळवंडलेली त्वचा खरंच उतरवता येते का? बाटलीवरच्या टक्क्यांमागचं गणित समजून घ्या

शर्टाची बाही वर करा आणि दंडाची आतली बाजू बघा. मग हाताच्या पंजाची वरची बाजू बघा. दोन्हींचं वय एकच. पण एक मऊ, एकसारख्या रंगाची. तर दुसरी काळवंडलेली आणि राठ. चाळिशी-पन्नाशीत हा फरक आणखी ठळक दिसतो. आपण ज्याला ‘वय दिसायला लागलं’ म्हणतो, त्यात उन्हाचा वाटा मोठा असतो.

हा खराब झालेला थर उतरवण्यासाठी केमिकल पील केलं जातं. पूर्वी ते फक्त त्वचारोगतज्ज्ञांकडे व्हायचं. आता काही पार्लरमध्येही होतं आणि शॉपिंग ॲपवर काहीशे रुपयांत बाटलीही मिळते. अडचण इथेच सुरू होते.

पील म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत, मुद्दाम केलेली आणि मोजून केलेली जखम. चेहऱ्यावर आम्लाचं द्रावण ठरावीक वेळ लावलं जातं. त्यामुळे वरच्या पेशींना धरून ठेवणारे बंध सैल होतात, तो थर सुटतो आणि खालून नवी त्वचा येते. एरवी बाह्यत्वचा साधारण चार आठवड्यांत नवी होते आणि वयानुसार हा वेग मंदावतो. पील तो वाढवतं. आम्ल आणखी खोल गेलं, तर आतल्या थरात नवं कोलॅजेनही तयार होतं.

पीलचे प्रकार किती?

• वरवरचं : ग्लायकोलिक, लॅक्टिक, मॅन्डेलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड. टॅनिंग, हलके डाग आणि निस्तेजपणासाठी. दोन-चार दिवस पापुद्रे निघतात. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात.

• मध्यम : साधारण ३५ टक्क्यांचं ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड, म्हणजेच टीसीए. उन्हाचे जुने डाग आणि बारीक सुरकुत्यांसाठी. त्वचा भरायला आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो.

• खोल : फिनॉल. परिणाम सर्वाधिक, धोकाही तितकाच. फिनॉल रक्तात शोषलं जाऊन हृदयाची लय बिघडवू शकतं, म्हणून ईसीजीवर लक्ष ठेवून करावं लागतं. सावळ्या त्वचेसाठी सहसा टाळतात.

म्हणजे वरवरच्या पीलने खोल सुरकुत्या जात नाहीत. ‘एका बैठकीत दहा वर्षांनी तरुण’ अशी जाहिरात दिसली, तर सावध व्हा.

‘३० टक्के’ म्हणजे नेमके किती?

बाटलीवरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. दुसरी अर्धी पीएचमध्ये असते. ग्लायकोलिक ॲसिडचा पीएच ३.८च्या आसपास असेल, तर त्यातलं जवळपास निम्मंच आम्ल मुक्त, म्हणजे त्वचेत सहज शिरणारं असतं. पीएच २ असेल, तर जवळपास सगळंच. म्हणजे ‘३० टक्के’ लिहिलेल्या दोन बाटल्यांचा जोर एकमेकींच्या दुप्पट असू शकतो.

तिसरा घटक वेळ. ग्लायकोलिक आपोआप थांबत नाही. ठरलेल्या मिनिटाला सोड्याच्या द्रावणाने किंवा पाण्याने थांबवावं लागतं. टीसीएचं उलट आहे. त्वचेवर पांढरा थर दिसू लागला, म्हणजे प्रथिनं गोठलेली असतात. ते नंतर धुऊन परत आणता येत नाही.

आपल्या त्वचेला वेगळा धोका का?

त्वचेचे सहा प्रकार मानणारं फिट्झपॅट्रिक माप जगभर वापरलं जातं. बहुतेक भारतीयांची त्वचा त्यात तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात येते. या त्वचेतलं मेलॅनिन उन्हापासून बऱ्यापैकी संरक्षण देतं. पण जखम किंवा भाजल्यासारखं झालं, की रंगपेशी जास्त मेलॅनिन तयार करतात आणि तिथे काळा डाग पडतो. तो जायला कित्येक महिने लागू शकतात. वांग असलेल्यांना हा धोका जास्त. डाग घालवायला गेलेली व्यक्ती नवे डाग घेऊन येते, ती अशी. म्हणूनच डॉक्टर अनेकदा दोन-चार आठवडे आधीपासून क्रीम देऊन त्वचा तयार करतात आणि कमी तीव्रतेपासून सुरुवात करतात.

घरी करावं का?

जास्त तीव्रतेचं पील मुळीच नको. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय अशी उत्पादनं विकत घेऊ किंवा वापरू नयेत, असा इशारा दिला. भाजणं, सूज आणि कायमचे व्रण ही कारणं त्यात दिली आहेत. घरगुती वापरासाठी ग्लायकोलिकसारखी आम्लं १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ किंवा त्याहून जास्त, ही तिथल्या तज्ज्ञ समितीने सुचवलेली मर्यादा आहे.

करायचंच असेल, तर हे लक्षात ठेवा

• डॉक्टरांची त्वचारोगातली पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा. कोणतं आम्ल, किती टक्के, हेही विचारा.

• मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन सुरू असेल, ओठावर नागीण येत असेल, जखमेचे व्रण फुगत असतील किंवा गर्भवती असाल, तर आधी सांगा.

• आठवडाभर आधी ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि रेटिनॉल बंद ठेवा.

• लग्न तोंडावर आलेलं असताना पहिलं पील करू नका.

• नंतर पापुद्रे ओढू नका. लिंबू, उटणं, स्क्रब काहीच लावू नका.

• फोड आले किंवा आग थांबत नसेल, तर भरपूर पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि सनस्क्रीन. किमान एसपीएफ ३०, बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. नवी त्वचा उन्हाला जास्त हळवी असते. रोज दुचाकीवरून उघड्या तोंडाने जाणार असाल आणि सनस्क्रीन लावणार नसाल, तर पीलचे पैसे तूर्त वाचवा. आधी तीन महिने सनस्क्रीनच लावून बघा.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. उपचारापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.)