नमुना आठमधलं माळवद

छत्रपती संभाजीनगरहून पैठण रस्त्याला लागलं, की चितेगाव मागे पडतं आणि थोड्याच वेळात बिडकीन येतं. आज बिडकीन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहत उभी राहते. ७,८५५ एकरांवर आखलेलं हे क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालं. निलजगाव, बन्नी तांडा, बंगला तांडा या शिवारांची नावं आधी सातबारावर असायची, आता ती भूखंडांच्या नकाशावर वाचायला मिळतात. मी मात्र इथे उतरतो तो जुन्या गावठाणातली घरं पाहायला. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, सागवानी चौकट आणि वर सपाट माळवद. दर खेपेला एखादं घर कमी झालेलं असतं.

आपल्याकडे एखादी वास्तू संरक्षित आहे हे पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकावरून कळतं. दौलताबादच्या किल्ल्यावर तो आहे, बीबी का मकबऱ्यावर आहे, वेरूळला आहे. १९५८ च्या कायद्याचा हवाला, नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असा मजकूर. बिडकीनच्या गल्ल्यांतून हिंडताना मला असा फलक कुठल्या घरावर दिसला नाही, आणि कायद्याची घडण पाहिली तर तो दिसण्याचं कारणही नाही.

ही घडण मराठवाड्यात निजामाच्या राज्यापासून सुरू होते. हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं १९१४ साली निघालं आणि गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक झाले. अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी करायला त्यांच्याच काळात इटलीहून तज्ज्ञ आले. लॉर्ड कर्झनचा १९०४ चा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. संस्थानाने स्वतःचा प्राचीन वास्तू जतन कायदा फसली १३३७ मध्ये, म्हणजे १९२७-२८ च्या सुमारास केला. पुढे संस्थान भारतात आलं, १९५१ साली इथल्या मोठ्या वास्तू राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरल्या, मग १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आला. राज्यकर्ते बदलले तरी निवड बदलली नाही. लेणी, किल्ला, कबर, मंदिर यांना संरक्षण मिळालं. ज्या घरात कुणब्याने, सुताराने, व्यापाऱ्याने संसार केला, ते या यादीत कधी बसलंच नाही. केंद्राच्या यादीत देशभरात सुमारे ३,७०० वास्तू आहेत आणि महाराष्ट्रातल्या त्यांतल्या तीनशेही भरत नाहीत.

इथे इंग्लंडचं उदाहरण घ्यावंसं वाटतं. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान अशा त्या देशात संरक्षित इमारतींच्या नोंदी चार लाखांच्या घरात आहेत. सुरुवात झाली ती दुसऱ्या महायुद्धात. बॉम्बने खिळखिळी झालेली कोणती इमारत पाडायची आणि कोणती काहीही करून सावरायची, हे ठरवायला वास्तुतज्ज्ञांनी गावोगाव फिरून याद्या केल्या. १९४७ च्या नगररचना कायद्याने त्या याद्यांना कायमचं रूप आलं. तिथल्या एखाद्या ग्रामीण तालुक्याची यादी चाळली तर वरच्या श्रेणीत गावाचं चर्च आणि जमीनदाराची हवेली सापडते, पण यादीचा खरा ऐवज खालच्या श्रेणीत असतो. धान्याचं कोठार, कबुतरखाना, शेतमजुराची गवताने शाकारलेली झोपडी, रस्त्याकडेचा मैलाचा दगड, इतकंच काय, लाल रंगाची टेलिफोनची खोकीसुद्धा. नव्वद टक्क्यांहून जास्त नोंदी या श्रेणीतल्या आहेत. अशा घराचा मालक घरातच राहतो, ते विकतो, मुलांना देतो. फक्त घराच्या रूपाला धक्का लागेल असा बदल करायचा असेल तर आधी परवानगी काढावी लागते. खिडकी बदलायला महिने जातात म्हणून तिथेही लोक कुरकुरतात, आणि ती कुरकुर खोटी नसते. पण शेतमजुराची झोपडी हाही देशाचा इतिहास आहे, एवढं तिथल्या कायद्याला मान्य आहे.

आपल्या कायद्याची पकड वेगळीच आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत निर्बंध आले. अजिंठ्याच्या डोंगरात हे शोभतं. पण गावाच्या मध्यभागी वास्तू असेल तर शेजाऱ्याला न्हाणीघराची भिंत दुरुस्त करायलाही कागद नाचवावे लागतात. म्हणूनच गावात कुणी 'वारसा' म्हटलं की घरमालकाच्या कपाळावर आठी पडते, आणि मी त्याला दोष देणार नाही.

या भागातलं माळवद नीट समजून घेतलं तर ते किती विचारपूर्वक केलेलं आहे हे कळतं. घर मोजायचं ते खणात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, मग पाच खणांचं घर, सात खणांचं घर. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यांवर फळ्यांचं किलचन, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन असताना आत गारवा असतो तो या थरामुळे. मृगाच्या आधी माळवदावरचं गवत उपटायचं, भुसा घालून मळलेली माती पसरायची, उतार पन्हळीकडे आहे ना ते पाहायचं. भिंतीत धान्याचं बळद, जमिनीखाली ज्वारीचं पेव, पुढे ढेलज, आत चौक.

या पांढऱ्या मातीची गोष्ट तर थेट सातवाहनांपर्यंत जाते. आपल्याकडे शेताला काळी आणि गावाच्या वस्तीला पांढरी म्हणतात. माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहिली, घरं पडली, पुन्हा बांधली, राख आणि शेण मातीत मिसळत गेलं, त्यातून पांढरीची टेकाडं तयार झाली. ती माती पाणी धरत नाही, भेगाळत नाही, म्हणून माळवदावर घालायला लोक पिढ्यान् पिढ्या तीच खणून नेत आले. बिडकीनपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या पैठणला आणि धाराशिवकडच्या तेरला असंच झालं. खणताना, नाहीतर पहिल्या जोरदार पावसानंतर, मातीतून मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती वर यायच्या. पैठणच्या बाळासाहेब पाटलांनी आणि तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू वेचून, जपून ठेवल्या. आज दोन्ही गावांत त्यांच्या नावाची शासकीय संग्रहालयं आहेत ती त्यामुळे. म्हणजे जुन्या पैठणची, प्रतिष्ठाननगरीची माती तिथल्या घरांच्या छपरांवर चढलेली आहे. टेकाडाला संरक्षण देणं योग्यच होतं. छपराकडे मात्र कुणी मान वर करून पाहिलं नाही.

माळवदाबद्दल चांगलं लिहायचं तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट टाळून चालणार नाही. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदाखाली. त्यानंतर मराठवाड्यात मातीच्या छताखाली झोपायची भीती बसली ती आजही पुरती गेलेली नाही. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी दोन दोष दाखवले. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते, आणि दरवर्षी जुनी माती न काढता नवी घालत गेल्याने छताचं वजन वाढलं होतं. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा पक्का होता तिथे भिंती पडूनही अनेक ठिकाणी छत उभं राहिलं. दोष कारागिरी ढिली पडल्याचा होता आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा होता. पण दुरुस्तीची भाषा शिकवणारं गावात कुणी उरलं नव्हतं, आणि सिमेंटची भाषा सगळ्यांना येत होती.

जी वास्तू संरक्षित होते तिथे दुरुस्तीची ही भाषा अजून जिवंत आहे. मोठ्या स्मारकाचं काम निघालं की चुन्याचा घाणा बसतो. गोल चरीत दगडी चाक फिरतं, भिजवलेला चुना आणि रेती मळली जाते, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचं पाणी पडतं. हा चुना हळूहळू घट्ट होतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती ओल कोंडून ठेवतं. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आणि चुरा मिसळलेला आहे, हे राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलं. त्या मिश्रणामुळे कीड लागली नाही आणि गिलावा दीड हजार वर्षं टिकला. शेतातला कचरा वाटावा अशा वनस्पतीचा असा उपयोग करणारी माणसं याच जिल्ह्यात काम करत होती. आज घाण्यावरचा मिस्त्री सरकारी कामापुरता बोलावला जातो. गावातल्या घराला तो मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही.

मग बिडकीनसारख्या गावाने काय करावं? मला वाटतं, यादी करावी. आणि या यादीचा कच्चा खर्डा ग्रामपंचायतीच्या कपाटात आधीच आहे. नमुना आठ, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तीत गावातल्या प्रत्येक मिळकतीचा क्रमांक असतो, बांधकामाचा प्रकार असतो, माती, दगड-विटा-माती, चुना किंवा सिमेंटचं पक्कं, आर.सी.सी. बांधकामाचं वयही असतं, कारण वयानुसार घसारा धरून कर कमी करायचा असतो. इंग्लंडमध्ये माणसं गावोगाव पाठवून जी माहिती गोळा करावी लागली, ती आपल्याकडे ग्रामसेवकांच्या लेखी पिढ्यान् पिढ्या साठत आली. फरक इतकाच, की तिथे वय वाढलं की घराचं मोल चढतं, इथे त्याच रकान्यातून ते उतरतं. त्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: घर किती खणांचं, माळवद शाबूत आहे का, चौकटीवर कोरीव काम आहे का, बळद आहे का, एक फोटो. बंदी नको, दंड नको. ज्याच्या घराची नोंद होईल त्याला घरपट्टीत सूट मिळावी आणि मृगाच्या आधी एक जाणता मिस्त्री मिळावा. शेजारी हजारो एकरांवर कारखाने येत आहेत, मोठ्या कंपन्यांना समाजकार्यासाठी नफ्यातला दोन टक्के वाटा खर्च करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि वारसा जतन हा त्या खर्चाचा मान्य विषय आहे. बारवा साफ करून तिथे महाशिवरात्रीला दिवे लावणारी तरुण मुलं महाराष्ट्रभर उभी राहिली, त्यांना कुणी आदेश दिला नव्हता. घरांसाठीही अशी माणसं मिळतील.

हे मी आग्रहाने लिहितो त्यामागे माझ्या आजोळचं घर आहे. पैठण रस्त्यापासून आत, सात खणांचं. मामा वयाने थकले, दरवर्षी माती घालणारी माणसं मिळेनात, तेव्हा कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी माळवदावर सिमेंटचा थर टाकला. पहिली दोन वर्षं छत थेंबभर गळलं नाही, मामा खुशीत होते. तिसऱ्या पावसाळ्यात तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजलेली निघाली. ओल वर जाऊ शकत नव्हती, ती लाकडात मुरली होती. घर उतरवलं. सर आणि किलचन लाकडाच्या व्यापाऱ्याने वजनावर नेलं. दाराची चौकट तेवढी मामींनी देऊ दिली नाही, ती गोठ्यात उभी करून ठेवली आहे. गेल्या दिवाळीत मी ग्रामपंचायतीत जाऊन घराचा उतारा काढला. क्रमांक तोच आहे, आजोबांच्या काळापासूनचा. बांधकामाच्या प्रकारापुढे आर.सी.सी. लिहिलं आहे आणि वयाच्या रकान्यात चार वर्षं.