वैमानिकाच्या नोकरीची शाश्वती

मुलगा वैमानिक झाला कीं घराचें भाग्य उजळलें, असें समजणारे पालक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. (त्या शिक्षणापायीं घर गहाण टाकणारेहि!) त्यांनीं जेट एअरवेजचें उदाहरण आठवावें. १९९३ मध्यें सुरू झालेली ही कंपनी कर्जाच्या भारानें २०१९ मध्यें बसली. वैमानिकांचे पगार तत्पूर्वींच कित्येक महिने थकले होते. पुढें २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती गुंडाळण्याचाच आदेश दिला.

वैद्यानें गांव बदललें तरी त्याची विद्या त्याच्यासवें जाते. वैमानिकाचें तसें नाहीं. बोइंग ७३७ चालविणारास एअरबस हातीं घेण्यापूर्वीं त्या जातीच्या विमानाचें निराळें शिक्षण व परवान्यावर तशी नोंद लागते. नव्वद दिवसांत तीन उड्डाणें व तीन अवतरणें न झालीं, तर उतारू नेण्याचा अधिकारहि थांबतो. ज्येष्ठता तर जुन्या कंपनींतच राहते. नव्या ठिकाणीं बहुधा पंक्तीच्या शेवटीं बसावें लागतें.

आम्हांस विशेष खटकतें तें हें कीं, नोकरी सोडणाऱ्या कप्तानानें एक वर्ष आधीं सूचना द्यावी, असा सरकारी नियम २०१७ मध्यें झाला होता. जेटनें काम थांबविल्याची घोषणा १७ एप्रिल २०१९ रोजीं केली. तिचें शेवटचें विमान त्याच रात्रीं उडालें.