गुरुजींची भाकरी

श्रोतेहो, आणि विशेषतः खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिकवणाऱ्या गुरुजींनो आणि बाईंनो,

"पोरगा हुशार असला की कुठेही पुढे येतो," असे आपण सहज बोलून जातो. पण शेतकऱ्याला विचारा. बी कसदार असले, उगवणही चांगली झाली, पण नंतर पावसाने ओढ दिली तर रोप करपतेच ना? मुलांचेही तसेच आहे. वेळेवर पडलेल्या एका सरीने काय होते, हे आज एका विद्यार्थ्याच्या उदाहरणावरून पाहू.

तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत, पण शाळकरी भीमराव तितकासा ठाऊक नसतो. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्याचे नाव दाखल झाले. त्या वेळी तो नऊ वर्षांचा होता. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

नाव पटावर चढले, पण जागा मात्र वर्गाच्या कोपऱ्यात मिळाली. बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि तेही संध्याकाळी घरी परत न्यायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई तोटी सोडील तेव्हा प्यायचे. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. आई तर लहानपणीच गेलेली. अशा मुलाचे लक्ष पुस्तकात कसे लागणार? बागकाम कर, शेळ्या पाळ, स्टेशनवर हमाली कर, असे त्याचे चालले होते. मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागावे, असेही त्याच्या मनाने घेतले होते.

त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुट्टीत भीमरावाला लांब घरी जावे लागू नये म्हणून ते आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी त्याला रोज देत. आंबावडेकर हे त्याचे आडनाव बदलून त्यांनीच आपले आडनाव शाळेच्या दप्तरी लावले, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. पेंडसे नावाचे दुसरे एक शिक्षक होते. एकदा भीमराव पावसात चिंब भिजून वर्गात आला. पेंडसे गुरुजींनी त्याला आपल्या मुलाबरोबर घरी पाठवले, ऊन पाण्याने आंघोळ घालवली आणि नेसायला कोरडे वस्त्र देवविले.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. ती भाकरीसुद्धा स्पर्श न होईल अशा बेताने, वरून हातात टाकली जाई. गोणपाट उचलून त्याला इतर मुलांशेजारी बसवणे काही झाले नाही. मग त्या भाकरीला किंमत काय? किंमत ठरवायचा अधिकार खाणाऱ्याचा. बाबासाहेबांनी ती भाकरी जन्मभर आठवणीत ठेवली. १९३० मध्ये ते गोलमेज परिषदेला निघाले, तेव्हा या वृद्ध गुरुजींनी त्यांना पत्र लिहिले, आणि ते पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवले. पण लक्षात घ्या, ते गोणपाटही ते विसरले नाहीत. आपल्या आठवणी लिहिताना त्यांनी त्याचाही उल्लेख केला. मुलाच्या मनात माया टिकते, तसा अपमानही टिकतो.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत राहायला आले. एकच खोली, त्यात सगळे घर. अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा होती, पण ती वाट जातीमुळे बंद झाली आणि फारसी घ्यावी लागली. त्या बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर फिरायला येत. ते शिक्षक होते, पण दुसऱ्या शाळेतले. भीमराव काही त्यांच्या वर्गातला नव्हे. तरीही त्यांनी मुलाची विचारपूस केली आणि त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले.

१९०७ ची मॅट्रिकची परीक्षा भीमराव पास झाला. गुण किती? ७५० पैकी २८२. नुसत्या गुणांवरून माणूस जोखणाऱ्याने त्याच्याकडे पुन्हा वळून पाहिले नसते. केळुसकरांनी मात्र अभिनंदनाच्या सभेत आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. कॉलेजात पैसा अडला, तेव्हा त्यांनीच त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रोफेसर म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे पुरवले. १९१३ मध्ये बडोद्याच्याच मदतीने तो अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला.

आणि ते पुस्तक? सुमारे ४९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना त्यांनी दादा केळुसकरांच्या या भेटीची आठवण नमूद केली.

शिक्षकमंडळी, यांतल्या कोणी काय केले ते पाहा. एकाने भाकरी दिली, एकाने ऊन पाणी, एकाने पुस्तक आणि ओळख. कोणीही सगळे केले नाही, सगळे करण्याची कोणाची ऐपतही नव्हती. जे हाताशी होते, ते वेळेवर दिले, एवढेच.

आजही ऊसतोडीच्या कोपीवरून वर्ष अर्धे सरल्यावर एखादे पोर शाळेत येते. त्याला पाढे येत नसतात, वही नसते, आणि ते आपण होऊन मागच्या भिंतीला टेकून बसते. ती जागा त्याला कोणी दिलेली नसते, पण तिथून त्याला कोणी उठवतही नाही. आंबेडकर गुरुजींच्या काळी जे व्हायचे राहून गेले, ते आज आपल्याला करता येते. त्याला हाक मारा, पुढे बोलवा आणि दुसऱ्या मुलाच्या शेजारी बसवा. त्याला सरकारी हुकूम लागत नाही, की पैसाही लागत नाही.