मागणी ठेवीवरील व्याजाची पात्रता : पोंभुर्णा परिसरातील हंगामी उत्पन्नाच्या संदर्भात

ठेवीवरील व्याजाचा विचार करताना आपले लक्ष बहुधा दराकडे जाते. एखादी बँक दरसाल दर शेकडा किती देते, हे कळले की तुलना पूर्ण झाली, असा सर्वसाधारण समज दिसतो. परंतु हा दर कोणत्या रकमेवर व किती दिवसांसाठी लागू व्हावयाचा, म्हणजेच ठेवीदाराची शिल्लक व्याजास पात्र केव्हा ठरते, हा प्रश्न दराइतकाच, आणि काही वर्गांच्या बाबतीत दराहूनही अधिक, महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा तालुक्याच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

प्रथम चालू खात्याविषयी. मागताक्षणी परत करावयाच्या ठेवीवर व्याज द्यावे की नाही, याबाबत निरनिराळ्या देशांत निरनिराळे धोरण आढळते. अमेरिकेत १९३३ च्या बँकिंग कायद्याने अशा ठेवींवर व्याज देण्यास मनाई केली होती. ती जुलै २०११ मध्ये उठली. इंग्लंडमध्ये चालू खात्यावर व्याज मिळू शकते, मात्र त्यास अटी जोडलेल्या असतात. सँटांडर बँकेने २०१२ मध्ये सुरू केलेल्या एका खात्यात ३,००० ते २०,००० पौंड शिल्लक असणाऱ्यास ३ टक्के व्याज मिळे; पण दरमहा किमान ५०० पौंडांचा भरणा झाला पाहिजे व निदान दोन देयके त्याच खात्यातून परस्पर फेडली गेली पाहिजेत, असा नियम होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये हा दर निम्म्यावर आला. दरमहा ठराविक पगार घेणारा मनुष्य गृहीत धरूनच ही पात्रता आखलेली होती, हे उघड आहे.

आपल्याकडे चालू खात्यावर व्याज देण्यास बँकांना परवानगी नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निदेशांत यास एक अपवाद आहे, तो असा की, व्यक्तीच्या किंवा एकट्याच्या मालकीच्या पेढीच्या चालू खात्याचा धनी मरण पावल्यास मृत्यूच्या दिनांकापासून रक्कम चुकती होईपर्यंत बचत खात्याच्या दराने व्याज द्यावे. (खातेदाराने हयातीत ज्याची अपेक्षा धरू नये ते त्याच्या वारसास मिळते!) व्यापारी पेढीस बचत खाते उघडता येत नाही, महिलांच्या बचत गटास मात्र, तो नोंदणीकृत नसला तरीही, ते उघडता येते. तेव्हा पोंभुर्ण्यातील किराणा दुकानाच्या पेढीची शिल्लक बिनव्याजी राहते आणि त्याच गल्लीतील बचत गटाच्या शिलकीस व्याज मिळते. व्याजाच्या पात्रतेची पहिली पायरी अशी खातेदाराच्या स्वरूपावर अवलंबून आहे.

दुसरी पायरी काळाची, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक विचारणीय होय. ३१ मार्च २०१० पर्यंत बँका बचत खात्यावरील व्याजाची आकारणी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतच्या किमान शिलकीवर करीत. या मुदतीत शिल्लक एक दिवस जरी खाली गेली, तरी त्या सबंध महिन्याचे व्याज त्या नीचतम रकमेवरच धरले जाई. खातेवहीत हाताने हिशेब करणाऱ्या कारकुनास ही पद्धत सोयीची होती. तीत अन्य तत्त्व शोधण्याचे कारण नाही. शाखांचे संगणकीकरण झाल्यावर रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००९ च्या वार्षिक धोरणात बदल जाहीर केला, आणि १ एप्रिल २०१० पासून दररोजच्या शिलकीवर व्याज मोजले जाऊ लागले. पुढे २५ ऑक्टोबर २०११ रोजी बचत खात्याचा दर ठरविण्याचे स्वातंत्र्यही बँकांना मिळाले. या दुसऱ्या घटनेची चर्चा पुष्कळ झाली. पहिलीची त्या मानाने फारच थोडी झाली.

पोंभुर्णा हा चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील धानपट्ट्यातील तालुका. येथील कुटुंबाच्या हाती पैसा दरमहा सारखा येत नाही. धानाची रक्कम हिवाळ्यात येते, तेंदूपत्त्याची मजुरी उन्हाळ्यात. मधल्या काळात रोजगार हमीची किंवा शेतातील मजुरी. आलेली रक्कम देणी फेडण्यात, लग्नकार्यात व पुढील हंगामाच्या तयारीत काही आठवड्यांतच खर्ची पडते. अशा खात्याचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खात्यात १,००० रुपये आहेत. १४ डिसेंबरला धानाचे ६०,००० रुपये जमा झाले. ५ जानेवारीस २०,००० व २५ जानेवारीस ४०,००० रुपये काढले. शिल्लक पुन्हा १,०००.

जुन्या नियमाने डिसेंबरची किमान शिल्लक १,००० ठरते, कारण १० ते १३ तारखेस खात्यात तेवढेच होते. जानेवारीचीही १,००० च. त्या वेळच्या ३.५ टक्के दराने दोन महिन्यांचे व्याज ५ रुपये ८३ पैसे होते. दैनिक शिलकीच्या पद्धतीने १३ दिवस १,०००, २२ दिवस ६१,०००, २० दिवस ४१,००० आणि ७ दिवस १,००० असा हिशेब होऊन त्याच दराने २०९ रुपये २३ पैसे मिळतात. दर एकच, रक्कम एकच. फरक सुमारे छत्तीस पटींचा.

हा केवळ इतिहास असता तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु टपाल खात्याच्या बचत बँकेस, जी १८८२ पासून चालत आली आहे, रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू नाही. तिचे नियम केंद्र सरकार करते. २०१९ च्या योजनेतही १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीचा नियम कायम राहिला. तिचा दर डिसेंबर २०११ पासून ४ टक्के आहे, तर स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये आपला दर २.५ टक्क्यांवर आणला. दरांकडे पाहता टपाल कचेरी सरस दिसते. पण वरील उदाहरणातील खाते टपाल कचेरीत असेल तर ४ टक्क्यांनी ६ रुपये ६७ पैसे मिळतील, आणि २.५ टक्के देणाऱ्या बँकेत १४९ रुपये ४५ पैसे!

याउलट, तीच रक्कम १४ ऐवजी १० डिसेंबरपर्यंत टपाल खात्यात जमा झाली असती, तर डिसेंबरचे व्याज ६१,००० रुपयांवर धरले जाऊन दोन महिन्यांचे मिळून सुमारे २०६ रुपये ६६ पैसे झाले असते. तेव्हा टपाल बचत नेहमीच उणी पडते असे नव्हे. महिन्याच्या १० तारखेच्या आत भरणा करावयाचा, आणि उचल पुढील महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत करावयाची, हे ज्यास साधते त्यास तिचा दर पुरेपूर मिळतो. महिन्याच्या पहिल्या तारखेस वेतन घेणाऱ्यास भरण्याची बाजू तरी आपोआप साधते. धानाच्या सरकारी खरेदीची रक्कम कोणत्या दिवशी जमा व्हावी, हे मात्र शेतकरी ठरवीत नाही, मजुरीचेही तसेच. नियम सर्वांना सारखा असूनही त्याचा भार अनियमित उत्पन्नाच्या माणसावर पडतो, तो या कारणाने.

दोनशे रुपये ही रक्कम थोडी वाटेल. परंतु बचत खात्यावर हंगामाच्या दोन महिन्यांत जे मिळावयाचे तेच मुख्यतः या कुटुंबाचे वर्षाचे व्याज असते. उरलेल्या काळात व्याज लागावे इतकी शिल्लकच राहत नाही. शिवाय मुदत ठेवीचा सल्ला येथे लागू पडत नाही, कारण पैसा केव्हा लागेल हे आधी सांगता येत नाही.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक दक्षता घ्यावी. ग्रामीण बचतीच्या पाहणीत प्रश्नावली सहसा वर्षअखेरची शिल्लक विचारते. हंगामी खात्याबाबत त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. ३१ मार्चला ते खाते जवळजवळ रिकामे असते. पासबुकातील भरणा व उचल यांच्या तारखा उतरून घेतल्या, तरच किती रक्कम किती दिवस राहिली आणि त्यापैकी कितीस व्याज लागले, हे काढता येईल.